गाडीतल्या मोठ्या साउंड सिस्टिमला वीज कमी पडू नये म्हणून: गोव्यातल्या नवख्यांसाठी

बेस पडला की हेडलाइट मिचमिचतात. गाणं जोरात लावलं की थोड्या वेळात ॲम्प (ॲम्प्लिफायर) बंद पडतो, थंड झाला की आपोआप सुरू होतो. सकाळी गाडी स्टार्ट घेताना कुरकुरते. नवीन सिस्टिम बसवलेल्या लोकांच्या तक्रारी बहुधा या तिनांतल्याच असतात. त्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले: आणखी मोठा ॲम्प घ्या, नाहीतर कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा डबा) लावा. पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो, कारण स्पीकर आणि ॲम्प बहुतेक वेळा चांगलेच असतात. त्यांच्यापर्यंत वीज नीट पोचत नाही, एवढंच.

माझं सांगणं असं, की खर्चाचा क्रम बदला. आधी मीटर घेऊन मोजा. मग वायर आणि अर्थिंग (ॲम्पमधला करंट गाडीच्या बॉडीतून परत नेणारी जोडणी) नीट करा. तरीही कमी पडलं तर बॅटरी, आणि अगदी शेवटी अल्टरनेटर. पुढचं सगळं याच क्रमाने सांगतो.

वीज येते कुठून

इंजिन सुरू असताना गाडीची सगळी वीज अल्टरनेटर तयार करतो. बॅटरी वीज तयार करत नाही, फक्त साठवते. विहिरीवरचा पंप आणि गच्चीवरची टाकी यांचं जे नातं, तेच या दोघांचं. टाकी कितीही मोठी घेतली तरी पंप चढवतो त्यापेक्षा जास्त पाणी रोज वापरलं तर ती रिकामी होणारच.

काही आकडे लक्षात ठेवा. इंजिन बंद करून काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे अर्धी उतरली. इंजिन सुरू असताना तिथेच 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. सुरू इंजिनवर, गाणं चालू असताना आकडा 12.6 च्या खाली रेंगाळत असेल, तर अल्टरनेटरला झेपत नाही आणि तुम्ही बॅटरी उपसताय.

व्होल्टेज पडलं की आवाजाचं काय होतं? बऱ्याच ॲम्पमध्ये ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. 14.4 चे 12 व्होल्ट झाले तर ताकद सुमारे 30 टक्क्यांनी घटते. मग माणूस आवाज आणखी वाढवतो, ॲम्प सिग्नलची टोकं कापायला लागतो आणि सबची (सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर) कॉइल तापते, ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळतो. स्पीकर खराब निघाला असं समजून नवा आणला तर तोही त्याच वाटेने जातो.

ॲम्पला खरोखर किती लागतं

डब्यावरचा 3000 वॅटचा आकडा विसरून जा. आरएमएस वॅट, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती ताकद, बघा, आणि त्यावरही विश्वास बसत नसेल तर ॲम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा. दोन 30 अँपिअरचे फ्यूज असतील तर तो ॲम्प 60 अँपिअरपेक्षा जास्त सतत ओढूच शकत नाही. 13.8 व्होल्टला ते 828 वॅट झाले. क्लास डी ॲम्प असेल तर त्यातले साधारण 80 टक्के, म्हणजे 660 वॅटच्या आसपास स्पीकरला मिळतात. क्लास एबी असेल तर निम्म्याहून थोडे जास्त, बाकीची उष्णता. 3000 चा डबा तिथे उघडा पडतो.

उलट हिशेबही सोपा आहे. क्लास डीचे 1000 वॅट आरएमएस हवे असतील तर आत 1250 वॅट जायला हवेत. भागिले 13.8, म्हणजे सुमारे 90 अँपिअर. 500 वॅटला 45. हे पूर्ण जोराचं झालं. प्रत्यक्ष गाण्यात चढउतार असतात, त्यामुळे सरासरी खप याच्या साधारण एक तृतीयांश धरतात. पण सतत गुरगुरणारा बेस असलेली गाणी ऐकणाऱ्यांनी सरासरी जास्तच धरावी.

ओहम म्हणजे स्पीकरचा रोध. सबची जोडणी दोन ओहमऐवजी एक ओहमची केली की त्याच ॲम्पची करंटची भूक जवळजवळ दुप्पट होते. दुकानात ‘एक ओहमला लावून देतो, आवाज डबल’ असं ऐकलंत तर आधी वायर आणि अल्टरनेटरचं विचारा.

गाडीकडे शिल्लक किती

लहान गाड्यांचे अल्टरनेटर साधारण 65 ते 100 अँपिअरचे असतात. नेमका आकडा बऱ्याचदा अल्टरनेटरवरच्या पट्टीवर असतो. पण तो आकडा इंजिन वेगात फिरत असतानाचा. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागतं, आणि तापलेला अल्टरनेटर त्याहूनही कमी देतो.

आता गोव्यातली जुलैची रात्र धरा. म्हापशात ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली आहे, पाऊस कोसळतोय, वायपर फुल, हेडलाइट चालू, काचांवर धुकं म्हणून एसीचा ब्लोअर चौथ्यावर आणि मागचा डिफॉगर लावलेला, त्यात रेडिएटरचा पंखा मधून मधून सुरू होतोय. गाडी स्वतःच 35-45 अँपिअर सहज खाते आणि इंजिन आयडलवर आहे. या क्षणी ॲम्पसाठी काहीच उरत नाही, सगळं बॅटरीतून जातं. सिस्टिमचा हिशेब या रात्रीवर करा. जानेवारीत एनएच 66 वर ऐंशीच्या स्पीडने जाताना सगळंच छान वाजतं.

माझ्या मते 500 वॅट आरएमएसपर्यंत कंपनीचा अल्टरनेटर आणि निरोगी बॅटरी पुरते, वायरिंग नीट असेल तर. 1000 च्या आसपास मुख्य वायरी बदलून चांगली एजीएम (आतलं ॲसिड सांडत नाही अशी बंद) बॅटरी घ्यावी. 1500 च्या पुढे जायचं असेल तर मोठ्या अल्टरनेटरचं बजेट आधीच बाजूला काढा. शिगमोत्सवाच्या चित्ररथावर भिंतीएवढे स्पीकर वाजतात ते पाहून बरेच जण स्वप्नं रंगवतात, पण त्या ट्रकवर जनरेटर असतो.

वायर: तांबं आहे का ते बघा

बाजारात स्वस्त ॲम्प किटमध्ये येणारी जाडजूड वायर बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठएक टक्केच वीज वाहून नेतं. शिवाय गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या टोकाशी ते फार लवकर कुजतं. ओळखायची पद्धत: एक बारीक तार काढून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर मुलामा. उलट बोटींसाठी मिळणारी कल्हई केलेली तांब्याची वायर बाहेरून चंदेरी आणि आतून तांबडी असते. खाऱ्या हवेसाठीच ती बनवलेली असते, आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना मी तीच घ्यायला सांगतो. नाही मिळाली तर शुद्ध तांब्याची बारीक तारांची वेल्डिंग केबल चालते. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. 25 स्क्वेअर एमएमची केबल चार गेजपेक्षा थोडी जाडच असते आणि 50 ची शून्य गेजच्या जवळपास.

जाडीचा फरक आकड्यात बघा. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर आणि 90 अँपिअर करंट. शुद्ध तांब्याची आठ गेज वायर एकट्या पॉझिटिव्ह बाजूला 0.9 व्होल्ट गिळते. चार गेज 0.37, शून्य गेज 0.15. मुलाम्याची चार गेज 0.6 च्या आसपास. किटवर ‘4 गेज’ छापलेलं असलं तरी रबरच जाड आणि आतली तार बारीक असा प्रकारही असतो, म्हणून विकत घेण्याआधी टोक सोलून बघायला मागा.

ओढताना पॉझिटिव्ह वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए (गाण्याचा सिग्नल नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर स्पीकरमध्ये इंजिनची शिट्टी ऐकू येते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) शक्यतो आधीच्या रबरी ग्रोमेटमधून (भोकाच्या कडेला बसणारं कडं) जा. नवं भोक पाडलंत तर त्यात ग्रोमेट बसवा, कारण पत्र्याची धार आणि इंजिनची थरथर मिळून वायरचं कव्हर कापतात. बॉनेटखालची वायर प्लास्टिकच्या खोबणीदार पाइपमधून न्या. उष्णतेचं कारण आहेच, पण पावसाळ्यात उबेला येणारे उंदीरही आहेत.

टोकाला लग (बोल्टखाली बसणारं धातूचं कडं) बसवताना पक्कडीने चेपून भागवू नका. जाड वायरला हायड्रॉलिक क्रिम्पर लागतो. तो विजेच्या पॅनेलची कामं करणाऱ्यांकडे असतो, लग आणि वायर घेऊन गेलात तर काम मिनिटांत होतं. वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

फ्यूज

इथे तडजोड नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायरच्या वाटेने 45 सेंटीमीटरच्या आत मुख्य फ्यूज. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. फ्यूज नसलेली वायर कुठे पत्र्याला टेकली तर बॅटरी त्यात शेकडो अँपिअर ओतते आणि गाडी पेटते. शुद्ध तांब्याच्या चार गेजला 100 ते 125, शून्य गेजला 250 अँपिअरच्या वर जाऊ नका. मुलाम्याच्या वायरला याहून बरंच कमी. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे आगीला दार उघडून देणं. दोन ॲम्प असतील तर मागे डिस्ट्रिब्युशन ब्लॉक (एका वायरचे फाटे करणारा ठोकळा) आणि तिथून प्रत्येकाला वेगळा फ्यूज.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, संपल्यावर तोच शेवटी लावा.

अर्थिंग, जिथे गोव्यातल्या निम्म्या सिस्टिम अडतात

पॉझिटिव्ह वायरवर लोक हजारो रुपये घालतात आणि अर्थिंगला हाताशी आलेला पहिला बोल्ट पकडतात. जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो, म्हणून अर्थिंगची वायर पॉझिटिव्हएवढीच जाड हवी, आणि लांबी अर्ध्या मीटरच्या आत. जागा अशी निवडा जिथला पत्रा गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला आहे. सीट बेल्टचा बोल्ट कधीही वापरू नका, अपघातात तुमचा जीव त्यावर असतो. पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या खाली कुठे आहेत ते वाकून बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका.

जागा ठरली की लगपेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा. रंग, त्याखालचा प्रायमर, त्याखालचा करडा थर, सगळं जाऊन पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासायचं. करड्या थरावर थांबणारे खूप. मग लग, दातेरी वॉशर, नट, आणि पाना घेऊन घट्ट. हाताने हलवून लग फिरता कामा नये. घट्ट केल्यानंतर, आधी नाही, वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस आणि भोवती रंगाचा हात. गोव्यात हा शेवटचा लेप टाळला तर एका पावसाळ्यात घासलेला पत्रा गंजतो आणि तुमची मेहनत फुकट जाते.

कुर्टीला एका मुलाच्या हॅचबॅकवर हे स्पष्ट दिसलं. बॅटरीवर 13.9 व्होल्ट, ॲम्पवर बेसच्या वेळी 12.1. तो नवी बॅटरी घ्यायला निघाला होता. मोजलं तर पॉझिटिव्ह वायरवर 0.4 आणि अर्थिंगवर तब्बल 1.4 व्होल्ट जात होते. लग मागच्या सीटच्या पट्टीवर रंगावरच कसला होता आणि कडेला हिरवट बुरशीसारखा थर धरला होता. जागा बदलली, पत्रा घासला, नवा लग लावला. अर्थिंगवरची घट 0.1 वर आली. खर्च म्हणाल तर लग, वॉशर आणि पॉलिश पेपरचा.

याच्या जोडीला बॉनेटखालच्या तीन वायरी बघा: अल्टरनेटरपासून बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्हपासून बॉडी, आणि इंजिनपासून बॉडी. कंपनीने त्या गाडीच्या मूळ गरजेपुरत्या दिलेल्या असतात. जुन्या काढू नका, त्यांच्या जोडीला शून्य किंवा चार गेजच्या नव्या घाला. अल्टरनेटरच्या पॉझिटिव्ह वायरला फ्यूज लावायचा, अल्टरनेटरच्या पूर्ण क्षमतेपेक्षा थोडा मोठा.

मोजायचं कसं

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. त्याला एक लांब वायर जोडून घ्या, म्हणजे एक टोक बॉनेटखाली आणि एक डिकीत पोचेल. गाडी मोकळ्या जागी, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही, कारण धूर जीव घेतो. इंजिन सुरू, हेडलाइट आणि एसी चालू, म्हणजे ती जुलैची रात्र जमेल तेवढी जवळ येईल. फोनवरून 40 हर्ट्झचा टोन लावा आणि आवाज तुम्ही नेहमी जास्तीत जास्त ठेवता तिथे न्या. एका वेळी काही सेकंदच, सलग टोनने सबची कॉइल जळते. कान झाकून घ्या.

टोन चालू असताना आधी मीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर. मग एक टोक बॅटरी पॉझिटिव्हवर आणि दुसरं ॲम्पच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर: इथे जो आकडा दिसेल तो वायर, फ्यूज आणि लग यांनी मिळून गिळलेला. 0.3 पर्यंत उत्तम, अर्ध्या व्होल्टपुढे गेला तर शोध घ्या. तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह, तिथे 0.2 च्या आत हवा.

आता दोष कुठे ते आपोआप कळतं. बॅटरीवर 14 आणि ॲम्पवर 12 असेल तर पैसे बॅटरीत घालून काही उपयोग नाही, वाटेत गळतंय. वाटेत काही जात नाही पण बॅटरीवरच व्होल्टेज पडतंय, तर रेस 2000 आरपीएमवर नेऊन पुन्हा बघा. तिथे सावरलं तर अल्टरनेटर चांगला आहे, फक्त आयडलवर कमी पडतो. तिथेही पडलं तर अल्टरनेटरची क्षमता खरोखर संपली, किंवा त्याचा बेल्ट सैल आहे. बेल्ट आधी बघा. वाटेत गळत असेल तर मीटरचं एक टोक पुढे पुढे सरकवा, बॅटरीपासून फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर, ब्लॉकवर. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथला जोड खोला.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा) घेणार असाल तर डीसी करंट मोजणारा आहे याची खात्री करा, स्वस्तातले बरेच फक्त एसी करंट मोजतात.

बॅटरी, कपॅसिटर, अल्टरनेटर

कपॅसिटरबद्दल एक हिशेब पुरे. एक फॅरडचा कपॅसिटर 14.4 वरून 12 व्होल्टवर येताना सुमारे 32 जूल देतो. 1000 वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ते सेकंदाच्या तिसाव्या भागापुरते. दिव्यांची मिचमिच थोडी मंदावेल, मूळ तुटवडा भरून निघणार नाही. त्याच पैशात चांगली वायर येते.

एजीएम बॅटरी मात्र खरोखर उपयोगी. आतला रोध कमी असल्याने बेसचा झटका ती सहज सोसते. डिकीत दुसरी बॅटरी ठेवायची तर ती एजीएमच हवी. साधी लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि तो बंद गाडीत साचायला नको. दोन बॅटऱ्यांमध्ये आयसोलेटर (इंजिन बंद असताना त्यांना वेगळं ठेवणारा स्विच), आणि जोडणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज, कारण आता वीज दोन्हीकडून येऊ शकते. दोन्ही पट्ट्याने घट्ट बांधा. लिथियम बॅटरी बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवू नका.

अल्टरनेटर वाढवायचा असेल तर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: आयडलवर किती अँपिअर? ‘200 अँपिअरचा आहे’ हे उत्तर नाही.

नव्या गाड्यांची काळजी

बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती गेलं, किती आलं ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावर अल्टरनेटर किती चार्ज करणार ते ठरतं. ॲम्पचं अर्थिंग थेट त्या टर्मिनलला दिलंत तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही. अर्थिंग बॉडीलाच द्या. अशा गाड्यांत व्होल्टेज मुद्दाम 12.8 च्या आसपास खाली येतं आणि पुन्हा चढतं, त्याला लगेच दोष समजू नका. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये अल्टरनेटरच्या जागी बेल्टवरचा स्टार्टर जनरेटर आणि वेगळी छोटी लिथियम बॅटरी असते. ती हात लावायची जागा नव्हे. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, 12 व्होल्टची बॅटरी डीसी कन्व्हर्टरवर चालते, आणि नारिंगी केबलला कोणीही शिवायचं नाही.

वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू नका. महागडी सिस्टिम विम्यात वेगळी नोंदवावी लागते, थोडा जास्त हप्ता पडतो. आणि आवाजाचे 2000 सालचे केंद्रीय नियम गोव्यातही लागू आहेत: रात्री 10 ते सकाळी 6 रस्त्यावर सब दणाणत ठेवू नका.

पावसाळ्याआधी आणि चतुर्थीनंतर

वर्षातून दोनदा तपासणी. मे अखेरीस सगळे जोड पान्याने कसा. थरथरीने नट सैल होतातच. बॅटरी टर्मिनलवरची पांढरी पूड कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, सुकवा, वर जेली. ॲम्प सीटखाली असेल तर पाणी तुंबलेल्या रस्त्याच्या विचाराने तो मागच्या सीटच्या पाठीवर लाकडी फळीला लावून घ्या, हवाही मिळते. चतुर्थीचे दिवस सरले की कार्पेट उचलून ओल बघा आणि अर्थिंगचा लग खोलून बघा. पत्रा चकचकीत असेल तर पुन्हा कसा आणि नवा लेप द्या, काळवंडला असेल तर परत घासा. त्याच वेळी इंजिन बंद, चावी काढून, गाडी अर्धा तास लॉक ठेवल्यानंतर निगेटिव्हच्या वाटेत मीटर लावून खप बघा. 50 मिलिअँपिअरच्या वर दिसला तर ॲम्पची रिमोट वायर (ॲम्प चालू-बंद करणारी बारीक वायर) चावीबरोबर बंद होतेय का ते सगळ्यात आधी तपासा.